बंद भट्टीची बाटली

दारूची बाटली दाखवून चहा पाजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी प्रतापनाना. जळगावात मेहरूणला आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे नवा पाहुणा आला की मला लगेच कळायचं. नानांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. एरवी तो मऊ नव्हता. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं त्यांचं दुकान होतं, आणि तिथे दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तो चांगला खणखणीत झाला होता. पण दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाचा दिवा लागला की हाच माणूस कीर्तनकारासारखा हळुवार बोलायला लागायचा.

कपाटात मधल्या फळीवर लाल मखमलीच्या गादीवर बाटली आडवी झोपलेली असायची. शेषशायी विष्णूच. तिच्या एका बाजूला चौकटीत नानांचा दारू पिण्याचा आजीवन सरकारी परवाना आणि दुसऱ्या बाजूला चौकटीत नानांचा साहेबी टोपीतला स्कॉटलंडचा फोटो. बाटलीला शिवण्याआधी नाना साबणाने हात धुऊन यायचे. देवपूजेआधी त्यांनी असे हात धुतल्याचं अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आठवत नव्हतं. हात पुसून झाले की ते बाटली उचलायचे, पाहुण्याच्या नाकासमोर धरायचे आणि त्याने हात पुढे केला की मागे घ्यायचे.

मग कथा सुरू. स्कॉटलंडच्या समुद्रात एक बेट आहे. त्या बेटावर एक भट्टी होती. तिथे जमिनीतून खणून काढलेली काळी माती जाळायचे आणि तिच्या धुरावर धान्य वाळवायचे. ती भट्टी आमच्या लग्नाच्या सुमारास बंद पडली. आता जगात तिच्या मोजक्या बाटल्या उरल्यात. एक अमेरिकेत कुणा शेठकडे, एक जपानात आणि एक मेहरूणला. "आता होणे नाही," नाना शेवटी म्हणायचे आणि डोळे मिटायचे. किंमत कुणी विचारली तर ते नुसतं हसायचे, आणि ते हसणं कुठल्याही आकड्यापेक्षा महाग असायचं.

कथेचा सर्वांत रंगलेला भाग म्हणजे तिथल्या कामगारांची हळहळ. पिढ्यान्‌पिढ्या त्या भट्टीवर राबलेली माणसं, त्यांच्या हातात कला होती, आणि मालकांनी एका सकाळी दाराला कुलूप लावून त्यांना वाऱ्यावर सोडलं. अशा मालकांना झोप कशी लागत असेल, असं नाना विचारायचे तेव्हा त्यांचे डोळे खरोखर पाणावायचे. ह्या वाक्याला आमच्या ह्यांना हमखास ठसका लागायचा आणि मी ह्यांच्या पाठीवर थापट्या मारायचे. ठसक्याचं कारण पुढे येईलच.

बाटली मिळवल्याची हकीकत नाना निम्मी सांगायचे. उरलेली निम्मी आम्हाला त्यांच्याबरोबर गेलेल्या पाचोऱ्याच्या एका दुकानदाराने सांगितली. झालं असं की औषधांच्या कंपनीने भरपूर माल खपवणाऱ्या दुकानदारांना विलायतेच्या सहलीला नेलं. बसभर खानदेशी आणि वऱ्हाडी मंडळी, डब्यांत शेव आणि मिरचीचा ठेचा. स्कॉटलंडच्या एका गावात सगळे दारूच्या दुकानात शिरले. दुकानदाराने कुलपातली एक बाटली दाखवली आणि म्हणाला की ही भट्टी बंद पडली आहे. नानांचे डोळे चमकले. बंद पडलेल्या कारखान्याचा माल म्हणजे लिलावाचा माल, भंगाराच्या भावात उचलायचा, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. त्यांनी बाटली हातात घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या गोऱ्याला समजावलं की बंद पडलेल्या कंपनीची गॅरंटी नाही, तक्रार कुणाकडे करायची, तेव्हा निम्म्यात दे. गोऱ्याने शांतपणे बाटली काढून घेतली, कुलपात ठेवली आणि सांगितलं की बंद पडली म्हणूनच तर तिची ही किंमत.

पाचोऱ्याचे ते गृहस्थ म्हणतात की नाना बराच वेळ तिथेच उभे राहिले. बस सुटायची वेळ झाली, कंपनीचा माणूस बोलवायला आला, तरी हलेनात. कारखाना बंद पडल्यावर त्याची किंमत वाढते, हा विचार त्यांच्या डोक्यात असा काही घुसला की ते परत गेले आणि सांगितलेल्या भावात बाटली घेऊन बाहेर आले. आयुष्यात घासाघीस न करता त्यांनी घेतलेली ही एकमेव वस्तू असावी. पुढच्या सगळ्या बसप्रवासात ती त्यांच्या मांडीवर होती.

आता ठसक्याचं कारण सांगते. धुळ्याकडे नानांच्या गावाला लागून एक सहकारी साखर कारखाना होता. नाना जळगावला दुकान टाकून बसले तरी शेती आणि सभासदत्व गावालाच होतं, आणि त्या जोरावर ते दोन वेळा कारखान्याचे संचालक म्हणून निवडून आले. कारखाना कसा बुडाला हे त्या भागात शेंबडं पोरही सांगेल, आणि संचालकांपैकी एकही सांगणार नाही. अध्यक्षांच्या मेव्हण्याकडून दर साली दुरुस्तीचं सामान यायचं, संचालकांचे अभ्यासदौरे निघायचे, आणि ऊस मात्र शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याच्या गाड्या घेऊन जायच्या. नानांनी स्वतः काही खाल्लं असं मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त हात वर केला. अध्यक्षांनी ठराव वाचला की नानांचा हात वर. एका हंगामात दसरा आला आणि गेला, बॉयलर पेटलाच नाही, आणि त्याच वर्षी नाना स्कॉटलंडहून बाटली घेऊन आले. त्या साखर कारखान्याला मळीपासून दारू गाळायची स्वतःची भट्टीही होती. तीही बंद पडली, पण तिच्यासाठी नानांचे डोळे पाणावलेले मी पाहिले नाहीत.

त्या कारखान्याच्या बॉयलरवर नानांचे धाकटे सख्खे भाऊ कामाला होते, आधारभाऊ. नानांनीच चिकटवलेले. उंच, वाळलेला माणूस, भुवया आगीपुढे उभं राहून राहून विरळ झालेल्या. कारखाना बंद पडल्यावर पहिल्यांदा ते जळगावला आले तेव्हा ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले. आम्ही दोघं तिथेच होतो. भावाचा चेहरा नानांना बघवेना. ते आत गेले, हात धुतले, बाटली घेऊन बाहेर आले आणि तिच्यावर तळवा ठेवून म्हणाले, "आधार, ज्या दिन बायलर पेटई, त्या दिन हाई बाटली फोडसूत. पयला घोट तुना."

ही शपथ घेताना नाना खोटं बोलत नव्हते. नानांचं हेच अवघड होतं. बोलत असताना ते नेहमी खरंच बोलत असत. आधारभाऊंनी उभ्या आयुष्यात दारूला शिवलं नव्हतं, पण ह्या घोटाची मात्र त्यांनी वाट पाहिली. गुजरातच्या हद्दीपलीकडच्या एका कारखान्याने त्यांना बोलावलं होतं, राहायला खोलीसकट. गेले नाहीत. आपण तिकडे असताना इकडे बॉयलर पेटला तर नवी पोरं त्याला जाळून टाकतील, असं त्यांचं म्हणणं. नानांनी शपथ घेतली आहे म्हटल्यावर बॉयलर पेटणारच, कारण नाना संचालक होते आणि मोठे भाऊ होते. दर दसऱ्याला सोनं द्यायला आधारभाऊ यायचे, पाया पडायचे आणि विचारायचे, "औंदा तरी, नाना?" नाना म्हणायचे, औंदा नाही, पुढच्या हंगामाला नक्की, वर बोलणी चालू आहेत. मग दोघं भाऊ कपाटाकडे बघायचे.

श्रावणात कानबाई देवी बसायची तेव्हा ह्या बाटलीचा वनवास सुरू व्हायचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना, सगळी भाऊबंदकी एका घरात, नैवेद्याच्या रोटांचं गव्हाचं पीठ आणि पुरणाचा घाट. अशा घरात दारूची बाटली कशी चालेल? अक्का एरवी नानांपुढे ब्र काढत नसत, पण कानबाईच्या आधी त्या कंबरेला पदर खोचून कपाटापुढे उभ्या राहायच्या. आमच्याकडे कानबाई नसते, म्हणून बाटली आमच्याकडे यायची. नाना ती टर्किश टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीचं मूल आणावं तशी आणायचे आणि माझ्या पैठण्यांच्या मधोमध आडवी निजवायचे. आडवीच हवी, बाई, कॉर्क ओला राहिला पाहिजे, असं बजावायचे. हे ज्ञान त्यांना नाशिककडच्या द्राक्षाच्या एका बागायतदाराने दिलं होतं. कानबाईची आरती सुरू असताना नाना मधेच उठून आमच्याकडे फेरी मारून जात. देवी त्यांच्या घरी आणि जीव आमच्या कपाटात, असं त्या दिवसांत चालायचं.

आणि वैशाखात तर कमालच. जळगावचं ऊन सांगायची गरज नाही. दुपारी कुत्रीसुद्धा गटारीत बसतात. स्कॉटलंडात ऊन नसतं, उष्णतेने बाटलीतला माल उडून जातो, हे कुठूनसं कळल्यावर नानांनी दिवाणखान्यातला कूलर फिरवून कपाटाकडे तोंड करून ठेवला. आम्ही गेलो की आम्हाला कूलरची पाठ. एकदा भर दुपारी आधारभाऊ एसटीने आले, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. ते कपाटाला पाठ लावून खाली बसले, म्हणजे हवेचा झोत थोडा तरी लागेल. नाना म्हणाले, आधार, जरा बाजूला सरक, हवा अडते. आधारभाऊ सरकले. मला त्या क्षणी त्या बाटलीचा इतका राग आला की ती माझ्या पैठण्यांत असती तर काय केलं असतं सांगता येत नाही.

पण नुसतं वाईट बोलायचं म्हटलं तर तेही जमत नाही. ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा मध्यरात्री गाडी काढणारे नानाच होते, आणि नंतर आठवडाभर दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या पेशंटपेक्षा हे गृहस्थ घरी गेले तर बरं. नाना माणसांना जीव लावत. फक्त त्यांना माणूस कपाटात ठेवल्यासारखा हवा असे, स्वच्छ, गप्प आणि आपला.

शेवटी कारखाना विकला गेला. कुणा परगावच्या भंगारवाल्याने यंत्रसामग्री घेतली, आणि गॅसने पत्रे कापायचं काम सुरू झालं. बॉयलर कापला त्या दिवशी आधारभाऊ तिथे होते. दुसऱ्या दिवशी ते जळगावला आले. त्या दिवशी नवा पाहुणा कुणी नव्हता, तरी कपाटाचा दिवा चालू होता. मी अक्कांबरोबर शेवया मोडत बसले होते. आधारभाऊंनी पाणी घेतलं नाही. कपाटाकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाना, त्यासनी भट्टी बंद पडनी ते तिनी दारूनं मोल वाढनं. आपला कारखाना बी बंद पडना. मंग मनं मोल काबर नही वाढनं?"

माझं मोल का नाही वाढलं असं विचारण्यात त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, कारण मोठ्या भावाला सगळं कळतं अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. नाना म्हणाले, तू आता गावाला जाऊ नको, इथेच राहा. अक्कांनी लगेच मागच्या खोलीतली पोती हलवायला घेतली. मला वाटलं, चला, बाटलीने एक तरी काम केलं.

पण नाना ते नानाच. महिन्याभरात आधारभाऊंना कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आला, नवी टोपी आली, आणि पाहुणे आले की बसायला कपाटाशेजारची खुर्ची. आधी बाटलीची कथा व्हायची. ती संपली की नानांचा हात तसाच पुढे सरकायचा आणि भावाकडे वळायचा. "आणि हे आमचे आधारभाऊ. आपल्या भागातले शेवटचे बॉयलरवाले. आगीचा नुसता आवाज ऐकून दाब सांगायचे. आता होणे नाही." मग ते आधारभाऊंना भोंगा कसा वाजायचा ते सांगायला लावत, आणि पाहुणे मोबाईलवर त्यांचा फोटो काढत. आधारभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर नानांनी असं दिलं होतं. भावाचं मोल वाढवलं होतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा न घेता उठून आले, आणि घरी येऊन ह्यांच्यावर उगाच ओरडले.

आधारभाऊ मात्र सगळं निमूट करत. विचारलं तेवढं सांगत. थोरल्याने सांगितल्यावर शाळेतली कविता म्हणून दाखवणाऱ्या धाकट्या भावासारखे.

नाना आता मुलाकडे पुण्याला असतात, घरात भाडेकरू आहेत. पण माझ्या डोळ्यांपुढे नाना येतात ते त्यांच्या नव्या व्याह्यांनी पहिल्यांदा घरी येऊन कपाट पाहिलं त्या संध्याकाळचे. मुलीचे सासरे, पुण्याचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, आणि व्हिस्कीतलं कळणारे. नानांनी आठवडाभर तयारी केली होती. बाटलीची कथा अशी रंगली की व्याही पुढे सरकून बसले. मग नाना भावाकडे वळले आणि आधारभाऊंचा भोंगाही झाला. व्याह्यांना तो माणूस मनापासून आवडला. ते भले गृहस्थ, त्यांना आतली गोष्ट काय माहीत. त्यांनी सहज विचारलं, "आधारभाऊ, इतका चांगला कारखाना, मग बंद का हो पडला?"

आधारभाऊंना भावाची नाचक्की करायची नव्हती. आपल्याला ते नेमकं सांगता येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "ते नानालेच इचारा. त्या व्हतात ना संचालक."

व्याही नानांकडे वळले. व्याह्यांच्या घरचे लोक, त्यांची मुलं, नानांची मुलगी, अक्का, आम्ही दोघं, सगळे नानांकडे बघत होतो. ह्यांना त्या वेळी ठसका लागला नाही. नाना एकाएकी हसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले की जाऊ द्या त्या जुन्या गोष्टी, आज व्याही पहिल्यांदा आले आहेत, आज ही फोडायचीच. अक्कांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मुलीच्या लग्नाला फोडली नव्हती, मुलाच्या नोकरीला फोडली नव्हती, ह्यांच्या आजारातून उठण्याला फोडतो म्हणाले होते आणि विसरले होते. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही म्हणून नानांनी हात न धुता बाटली उचलली आणि सील तोडलं.

कॉर्क निघाला नाही. पिरगळला तसा निम्मा हातात आला आणि निम्मा भुगा होऊन आत पडला. व्याह्यांनी हळूच विचारलं, आडवी ठेवत होता का, नाना? आडवी ठेवतात ती वाइन. व्हिस्की उभी ठेवायची, नाहीतर ती कॉर्क खाते. नाना म्हणाले, असं का, आणि अक्कांकडे चहाची गाळणी मागितली. जगातल्या मोजक्या बाटल्यांपैकी ती एक बाटली सरबताच्या ग्लासांत चहाच्या गाळणीतून गाळली जाऊ लागली. खोलीभर दवाखान्यासारखा वास पसरला. व्याही डोळे मिटून म्हणाले वा, आणि त्यांच्या मुलाने तोंड वाकडं करून ग्लास खाली ठेवला.

पहिला ग्लास मात्र नानांनी कुणाला दिला नव्हता. तो त्यांनी आधारभाऊंपुढे नेऊन धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. शपथेतला तेवढा भाग तरी पाळायचा होता त्यांना.

आधारभाऊंनी ग्लासाकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं, आणि दर दसऱ्याला विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "बायलर पेटी गया का, नाना?"

नाना एका हातात ग्लास आणि एका हातात गाळणी घेऊन तसेच उभे राहिले. गाळणीतून एकेक थेंब फरशीवर पडत होता आणि पुसायला कुणी उठलं नाही.